चेहऱ्याचा काळेपणा : वांग, मेंदी की मलम?

‘वयामुळे वांग आलंय, काहीतरी लावायला द्या,’ असे म्हणत बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या पन्नाशी-साठीतल्या स्त्रिया पुष्कळ. पुरुषही येतात, पण त्यांना सहसा बायकोने पाठवलेले असते.

चेहऱ्यावरचा प्रत्येक काळा डाग म्हणजे वांग नव्हे. वांग बहुधा गालांच्या उंचवट्यावर, कपाळावर, नाकावर, वरच्या ओठावर येते आणि खाजत नाही. काळेपणा केसांच्या कडेने, कानांपुढे आणि मानेवर जास्त असेल, तर माझा पहिला प्रश्न असतो : केसांना काय लावता? उत्तर येते, ‘फक्त मेंदी.’ केस मात्र काळेभोर! नुसत्या मेंदीने पांढरा केस तांबूस होतो. ‘काळ्या मेंदी’त बहुतेक वेळा पीपीडी हे डायमधले रसायन असते. ‘अमोनिया नाही’ असे खोक्यावर लिहिले असले, तरी पीपीडी असू शकते. दहा-पंधरा वर्षे काही न होता अचानक याची ॲलर्जी सुरू होते, म्हणून रुग्णाला ते पटतच नाही. कधी खाज सुटते, कधी त्वचा नुसतीच काळवंडत जाते. शंका असेल तर पाठीवर पट्ट्या लावून पॅच टेस्ट करता येते.

खरी गुंतागुंत पुढे होते. शेजारीण एखाद्या ट्यूबचे नाव सांगते, मेडिकलवाला ती देतो. तिच्यात अनेकदा स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असे त्रिकूट असते. डॉक्टरच्या देखरेखीखाली काही आठवडे वापरायचे हे औषध घरात वर्षानुवर्षे क्रीमसारखे चोळले जाते. 2018 मध्ये अनेक स्टेरॉइड मलमांना डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची झाली. चिठ्ठी मागतो कोण, हा प्रश्न वेगळा.

सुरुवातीला चेहरा उजळतो. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, बारीक लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, उन्हात आग होते. साठीत मुरुम उठले, तर आम्ही आधी ट्यूब विचारतो. ट्यूब बंद केली की चेहरा लालबुंद होतो. पुन्हा लावली की शांत. ‘म्हणजे मलमच चांगलं,’ असा निष्कर्ष निघतो आणि सुटका आणखी लांबते.

अशी ट्यूब बराच काळ लावली असेल, तर मनाने एकदम थांबवू नका. त्वचारोगतज्ज्ञ ती पायरीपायरीने कमी करतात किंवा बिनस्टेरॉइडचे औषध देतात. सोबत साधे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन पुरते. त्वचा सावरायला काही महिने लागतात. येताना वापरात असलेले सगळे घेऊन या : ट्यूब, तेल, डायचे खोके, रिकामे असले तरी.

दोन गोष्टी मात्र लांबवू नका. महिनाभरात न भरणारी, खपली धरून पुन्हा रक्त येणारी जखम किंवा मोत्यासारखी चकाकणारी गाठ असेल, तर तुकडा काढून तपासावा लागतो, कारण तो त्वचेचा कर्करोग असू शकतो. आणि फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.