ई-पीक पाहणी: शेतकरी ॲप का वापरू लागले?

सोयाबीन उगवून तीन आठवडे झाले, कोळपणीही झाली, पण सातबाऱ्यावर पेरा लागला का? पूर्वी हा प्रश्न फारसा कोणी विचारत नसे. गाव नमुना बारा तलाठी भाऊसाहेब भरतील, हे गृहीत असायचे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपला पेरा आपणच मोबाइलवरून नोंदवायची पद्धत आली.

सुरुवातीला बांधावर एकच सूर होता, "हे तलाठ्याचं काम, आमच्या माथी कशाला?" तक्रार अगदीच चुकीची नव्हती. तरी लोक वळले. ॲप सोपे झाले हे कारण आहेच, पण माझ्या मते मोठे कारण म्हणजे नोंद पैशाला जोडली गेली. खरीप 2023 मधील कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना दोन हेक्टरपर्यंत हेक्टरी 5000 रुपये साहाय्य जाहीर झाले, तेव्हा आधी ई-पीक पाहणीच्या नोंदीची अट होती. ती पुढे शिथिल झाली. पण यादीत नाव नसल्याचा धसका गावांनी घेतला तो घेतलाच. हमीभाव खरेदीच्या नोंदणीलाही पीक लागलेला सातबारा मागतात. विमा अर्जात एक पीक आणि नोंदीत दुसरे असेल, तर दावा अडकू शकतो.

दुसरे कारण शेजारी. गल्लीतल्या एका पोराला जमले की दहा घरांचे काम होते, कारण एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. स्वतःचा स्मार्टफोन नाही म्हणून थांबू नका. रेंज नसेल तर शेतात उभे राहून माहिती आणि फोटो साठवा, रेंजमध्ये आल्यावर अपलोड करा. फोटो मात्र त्याच गटात उभे राहून काढा. घरून काढलेला चालत नाही.

नोंद करताना जास्त चुका आंतरपिकात होतात. सोयाबीनमध्ये तूर असेल तर मिश्र पीक निवडून दोन्हींचे क्षेत्र वेगळे भरा. निव्वळ सोयाबीन लिहिले, तर तूर विकायच्या वेळी सातबाऱ्यावर तूर दिसणार नाही. चूक झालीच, तर 48 तासांच्या आत ॲपमधून दुरुस्ती करता येते. त्यानंतर तलाठी कार्यालय गाठावे लागते. शेवटच्या आठवड्यात सर्व्हर रखडतो, म्हणून पीक ओळखू येईल इतके वाढले की पहिल्या उघडिपीतच फोटो काढून टाका.