मोटारीचें इंजिन काढल्यावर

तयार वस्तु विकत घेतली, तरी तिच्यांत आपल्या सोयीप्रमाणें फेरफार करण्याची हौस माणसाला असतेच. शिवणयंत्राला विजेची मोटर जोडणें हा त्या हौसेचाच एक प्रकार. परंतु घरच्या जुन्या मोटारींतील पेट्रोलचें इंजिन काढून तेथें विजेची मोटर बसवावी, असें एखाद्या नवशिक्यानें मनांत आणलें, म्हणजे घरांतील वडील माणसें दचकतात. एवढें अवजड इंजिन उचलावें कसें, ही त्यांची पहिली चिंता. वास्तविक तें साखळीच्या कप्पीनें निघतें. खरी अडचण तें निघाल्यानंतर सुरू होते.

इंजिन केवळ चाकें फिरवितें, ही समजूत अपुरी आहे. पेट्रोलचें इंजिन हवा आंत ओढतें, तेव्हां त्याच्या हवेच्या नळींत अंशतः निर्वात स्थिति उत्पन्न होते. बहुतेक मोटारींत ही निर्वात स्थिति ब्रेकच्या पेडलामागील एका पोकळ डब्यापर्यंत नेलेली असते. डब्यांत एक पडदा असतो. पेडल दाबतांच पडद्याच्या एका बाजूस बाहेरची हवा शिरते, दुसरी बाजू निर्वात राहते, आणि हवेचा दाब पायाला साहाय्य करितो. याचा पडताळा कोणासही घेतां येईल. सपाट जागीं, हातब्रेक लावून व इंजिन बंद ठेवून पेडल चार-पांच वेळां दाबावें. तें घट्ट होतें. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केलें, कीं पेडल किंचित् खालीं जातें. इंजिन काढून टाकलें म्हणजे हें साहाय्य नाहींसें होतें. ब्रेक जागेवरच असतो, पण तो लावण्यास कितीतरी अधिक जोर लागतो. म्हणून विजेच्या गाडींत निर्वातासाठीं निराळा पंप, किंवा दुसरी तशी योजना, करावी लागते. दिव्यांची बॅटरी भरणें आणि थंड हवेचें यंत्र चालविणें हींही इंजिनाचीं मुकाट चाललेलीं कामें होत. पुष्कळ जुन्या गाड्यांत सुकाणूला मदतही तेंच करितें.

यानंतर प्रश्न येतो अंतराचा व वजनाचा. धुळ्याहून जळगांव सुमारें ९० किलोमीटर आहे. छोटी गाडी विजेच्या एका युनिटांत साधारणतः ६ ते ८ किलोमीटर जाते. म्हणजे १५ युनिटांची बॅटरी जेमतेम जळगांवास पोंचवील, परत आणणार नाहीं. वैशाखांतील खानदेशी उन्हांत थंड हवेचें यंत्र लावलें, तर हिशेब आणखी आंखडेल. अशा बॅटरीचें वजन पेटीसह शंभर-सव्वाशें किलोच्या घरांत जातें; उलट ३५ लिटर पेट्रोल सुमारें २६ किलोच भरतें. हें ओझें मागें ठेवलें, तर स्प्रिंगांवरील भार बदलतो आणि गाडीचा तोलही. सपाट गल्लींत हें जाणवणार नाहीं; मुंबई-आग्रा रस्त्यावर लळिंगच्या घाटांत उतरतांना जाणवेल. शिवाय ६० व्होल्टांहून अधिक दाबाचा एकदिश प्रवाह जिवावर बेतूं शकतो, आणि किल्ली काढली तरी बॅटरीच्या आंतील घट जिवंतच असतात.

मग नवशिक्यानें हात लावूंच नये काय? सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. त्यांनीं भंगारांतील सामान जमवून, सुमारें ६० हजार रुपयांत, किक मारून सुरू होणारी चारचाकी तयार केली. २०२१ च्या डिसेंबरांत उद्योगपति आनंद महिंद्र यांनीं तिचें जाहीर कौतुक केलें. पण ही गाडी नियमांत बसत नाहीं व आज ना उद्यां अधिकारी ती अडवतील, हेंही त्यांनीं स्पष्ट सांगितलें. २०२२ च्या जानेवारींत लोहार यांना तिच्या बदल्यांत नवी बोलेरो मिळाली. कल्पकतेचा गौरव झाला, तरी रस्त्याचा नियम सैल झाला नाहीं.

तो नियम १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमांत आहे. नोंदणीपत्रांतील माहितीशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. इंधन बदलावयाचें असल्यास मान्यताप्राप्त सामग्री, अधिकृत कारखान्याकडून बसवून, परिवहन कार्यालयांत नोंदवावी लागते. धुळ्याची गाडी असेल, तर एम्.एच्. १८ च्या कार्यालयांत. २०१९ च्या दुरुस्तीनें बेकायदा फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागें ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठरविल्या आहेत.

तेव्हां कामाची वांटणी एका कसोटीनें करावी. ज्या कामांतील चुकीमुळें गाडी केवळ सुरू होणार नाहीं, तें काम नवशिक्यानें घ्यावें. ज्यांतील चुकीमुळें ती थांबणार नाहीं किंवा पेट घेईल, तें जाणत्याच्या हातीं द्यावें. आंतील सजावट काढणें, जुन्या तारांना चिठ्ठ्या बांधणें, बॅटरीसाठीं जागा मोजणें, हीं कामें शिकणाऱ्याचीं आहेत. त्यांतही बारा व्होल्टांच्या बॅटरीची ऋण तार आधीं सोडवावी. नाहीं तर धन टोंकावरचा पाना गाडीच्या अंगाला लागतांच ठिणगी उडते. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कधींही शिरूं नये. खालीं भक्कम टेकू द्यावे.

या सर्वांआधीं एक वही करावी. इंजिनाला जोडलेली प्रत्येक नळी, तार व पट्टा तींत लिहावा आणि त्याच्यापुढें त्याचें काम नमूद करावें. ज्या ओळीपुढें काम लिहितां आलें नाहीं, तो भाग सोडविण्याची वेळ अजून आलेली नाहीं, असें समजावें.