हाताला न लागणारं पित्ताशय

पोट तपासून डॉक्टर म्हणाले, ‘हाताला काही लागत नाही’, की पेशंट खूश होतो आणि सोबत आलेल्यांना वाटतं, डॉक्टरला काही कळलं नाही. पित्ताशयाची सूज जुनी असेल, तर दोघांचाही अंदाज चुकतो. या दुखण्यात पोट बहुतेक वेळा मऊ असतं, ताप नसतो, डोळे पिवळे नसतात. कळ येऊन गेलेली असते आणि पेशंट दवाखान्यात येतो तो दोन कळांमधल्या बऱ्या दिवसांत.

सेलू तालुक्यातल्या देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी हे ध्यानात ठेवलेलं बरं. सोनोग्राफीसाठी तालुक्याचं नाहीतर जिल्ह्याचं गाव गाठावं लागतं. यंत्र आता पिशवीत मावेल एवढं झालंय, पण ते घेऊन गावोगाव फिरायची मुभा नाही. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी ते नोंदणी केलेल्या जागेतच वापरावं लागतं. (असा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने केला, १९८८ साली. केंद्राचा आला १९९४ मध्ये.) त्यामुळे कुणाला सोनोग्राफीला धाडायचं आणि कुणाला ॲसिडिटीची गोळी देऊन वाट पाहायची, हे ठरतं डॉक्टरच्या बोटांवर आणि दोन-चार नेमक्या प्रश्नांवर.

पित्ताशय म्हणजे यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेली सात ते दहा सेंटिमीटरची पिशवी. पित्त तयार करतं यकृत. पिशवी ते साठवते, त्यातलं पाणी शोषून घट्ट करते. तेल-तूप आतड्यात उतरलं की कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि पिशवी आवळते. धोंड्याच्या महिन्यात जावयाच्या ताटात पुरणाच्या धोंड्यांवर जेवढं तूप ओततात, तेवढ्याने तर ती चांगलीच आवळत असणार. तोंडाशी खडा अडकलेला असेल तर पित्त बाहेर पडत नाही, आतला दाब वाढतो, कळ येते. खडा मागे सरकला की कळ थांबते. असं वर्षानुवर्षं चाललं की भिंत जाड होते, तिच्यात व्रणाचे तंतू वाढतात, आणि पिशवी आकसते.

म्हणून पहिला प्रश्न, कळ किती वेळ टिकते? पित्ताशयाची कळ मुरड्यासारखी येत-जात नाही. चढते आणि अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत एकसारखी राहते. पुष्कळदा मध्यरात्री उठवते. करपट ढेकर आणि पोट फुगणं यावर फार विसंबू नये. खडे नसलेल्यांनाही ते होतं, आणि पित्ताशय काढल्यावरही कित्येकांचं तसंच राहतं. दुसरा प्रश्न, कुठे दुखतं? इथे उत्तरापेक्षा पेशंटचा हात बघावा. पोटावरून निघालेला हात पाठीमागे वळून उजव्या फऱ्याकडे गेला, तर संशय बळावतो. पित्ताशयाच्या नसा मज्जारज्जूत जिथे शिरतात, त्याच पातळीला फऱ्याखालच्या कातडीच्याही शिरतात. दुखणं नेमकं कुठलं, याची मेंदूत गल्लत होते. आणि कळेसोबत दरदरून घाम असेल तर पोट नंतर, आधी ईसीजी. हृदयविकाराचा झटकासुद्धा ‘बेंबीच्या वर दुखतंय’ म्हणून येतो.

मग तपासणी. डोळ्यांतला पांढरा भाग बघायचा तो उजेडात, दारापाशी नेऊन. पिवळ्या बल्बखाली काविळीची सुरुवात हमखास निसटते. पेशंटला उताणं झोपवून गुडघे वाकवायचे, हात चोळून गरम करायचे, दुखऱ्या जागेपासून लांब सुरुवात करायची आणि नजर पोटावर नाही, चेहऱ्यावर ठेवायची. उजव्या बाजूला पोटाच्या सरळ स्नायूची कड बरगडीला भिडते, तिथे नवव्या फासळीच्या कुर्च्याच्या टोकाखाली पित्ताशयाचा तळ येतो. तिथे बोटं रुतवून सांगायचं, ‘मोठा श्वास घ्या.’ श्वासपटल खाली येतं, यकृत सरकतं, त्याच्यासोबत पित्ताशय बोटांवर येऊन टेकतं. सुजलेलं असेल तर श्वास अर्ध्यावर अडकतो. डाव्या बाजूला तसंच करून पाहायचं; तिथेही अडकला तर ही खूण धरत नाहीत. शिकागोचे सर्जन जॉन बेंजामिन मर्फी यांनी १९०३ साली मांडलेली ही युक्ती आजही त्यांच्याच नावाने चालते. मात्र ती खरी रंगते ताज्या सुजेत. जुन्या दुखण्यात तिथे थोडं दाबदुखं मिळतं, कित्येकदा तेही नाही. उलट कळ सहा तास उलटूनही थांबली नाही, ताप चढला, पोट कडक लागलं, तर दुखणं जुनं राहिलेलं नाही. दवाखान्यात भरती करायची वेळ झाली.

डोकं उचलायला सांगून पोटाचे स्नायू ताणल्यावर दुखणं वाढलं, तर दोष बहुधा पोटाच्या भिंतीत असतो. कापसाची गाठोडी उचलणाऱ्यांत हे तपासायला विसरू नये.

मला सगळ्यांत आवडते ती बासेलच्या लुडविग कूर्व्हाझिए यांची १८९० सालची नोंद. काविळीच्या पेशंटमध्ये पित्ताशय फुगून हाताला लागत असेल आणि दुखत नसेल, तर कारण बहुधा खडा नाही. स्वादुपिंडाच्या किंवा पित्तनळीच्या गाठीचा संशय घ्यावा. खड्यांनी वर्षानुवर्षं छळलेली पिशवी वाळलेल्या पखालीसारखी आवळलेली असते, दाब आला तरी फुगत नाही. म्हणजे हाताला काही न लागणं हासुद्धा पुरावा.

पण हाताची धाव तेवढीच. हे ओळखून डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९७२ पासून दुर्बिणीने पोटात डोकावायला सुरुवात केली, आणि १९९० साली भारतात पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. आता ही शस्त्रक्रिया इतकी सर्रास झालीय की खडा दिसला की काढा, अशी घाई दिसते. ती बरी नव्हे. कधीच न दुखलेल्या खड्यांपैकी वर्षाला जेमतेम एक-दोन टक्के त्रास देऊ लागतात. एरवी त्यांच्या वाटेला जायचं कारण नाही.

सोनोग्राफीला जायचं ठरलंच, तर सहा ते आठ तास उपाशी राहावं लागतं, आणि यात दुधाचा चहाही चालत नाही. फाट्यावर गाडीची वाट बघताना घेतलेल्या कपभर चहाने चांगलं पित्ताशयसुद्धा आवळतं, त्याची भिंत तीन मिलिमीटरपेक्षा जाड दिसू शकते. मग ते जुन्या दुखण्याने आकसलंय की चहाने, हे पडद्यावर ओळखणं अवघड होतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खेप घालावी लागते.