विकलं म्हणजे संपलं का?

नवी पेठेतून आपण नवा मोबाइल आणतो. जुना कुठे जातो? कपाटात, नाहीतर भंगारात. एकदा विकला की आपला संबंध संपला, असं आपण धरून चालतो. तो खरंच संपतो का?

तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या की वरच्या पीव्हीसीतून डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं निघतात. सर्किट बोर्डातलं सोनं काढायला आम्ल वापरतात. जुन्या टीव्हीच्या काचनळीत शिसं असतं. हे सगळं सोसतो तो भंगार फोडणारा मजूर. मग दोष भंगारवाल्याचा? नाही हो. चार पैशांसाठी वस्तू त्याच्या हाती देणारे आपणच.

1 एप्रिल 2023पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. पण वस्तू आपल्या कपाटातून निघालीच नाही, तर उत्पादक तरी काय करणार? हान्स योनास या तत्त्वज्ञाने 1979 साली हाच विचार मांडला: आपल्या कृतीचे परिणाम जिथवर पोचतात, तिथवर आपली जबाबदारीही पोचते.

म्हणून आधी दुरुस्त होतं का पाहा. नसेल तर मोबाइलमधली माहिती पुसा, बॅटरी फोडू नका, नोंदणीकृत केंद्रातच द्या आणि पावती मागा. माझ्याही खणात तीन जुने फोन पडून आहेत. तेव्हा सुरुवात मलाच करायची आहे.