शिवडीचे रोहित: तिथीपासून गुलाबी रंगापर्यंत

शिवडीच्या खाडीवर फ्लेमिंगोंचे फोटो काढायचं ठरलं की आपण आधी लेन्सची चौकशी करतो. आधी पाहायला हवी ती तिथी.

कारण असं. फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित, उथळ पाण्यात चोच उलटी बुडवून अन्न गाळून खातात. त्यामुळे ते पाण्याच्या कडेबरोबर सरकत राहतात. पूर्ण ओहोटी असेल तर पाणी दूर जातं, पक्षीही दूर जातात आणि शिवडीच्या जेट्टीवरून नुसते ठिपके दिसतात. पूर्ण भरतीला चिखलच पाण्याखाली जातो आणि पक्षी दुसरीकडे उडून जातात. आपल्याला हवा असतो तो या दोहोंच्या मधला काळ.

भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब किनाऱ्यावरच्या लोकांना तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. भरती दिवसातून दोनदा येते, म्हणून हा आकडा दुपारचा धरा किंवा रात्रीचा, दोन्ही चालतं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्यापूर्वी मोबाइलवर मुंबईचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून घ्यावं.

आता उन्हाचा हिशेब. जेट्टीवर उभं राहिलं की शिवडीची खाडी आपल्या पूर्वेला असते. सकाळी गेलो तर सूर्य समोर येतो आणि पक्ष्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या मिळतात. दुपारी तीननंतर ऊन पाठीमागून पडतं आणि पिसांचा रंग खुलतो. पहाटे उठून गेलं की फोटो चांगले येतात, हा नियम इथे लागू नाही.

दोन्ही हिशेब एकत्र मांडले की दिवस आपोआप निवडला जातो. पौर्णिमा किंवा अमावास्येपासून तृतीयेपर्यंत भरती बारा ते सव्वादोनच्या दरम्यान येते. मग पाणी ओसरू लागतं, किनाऱ्याजवळचा उंच चिखल आधी उघडा पडतो आणि साडेतीन-चारला पक्षी जवळ उतरतात. सप्तमी-अष्टमीला उलटा क्रम असतो: चारच्या सुमारास चढतं पाणी पक्ष्यांना आपल्याकडे ढकलत आणतं. पण तेव्हा भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती असते, त्यामुळे पक्षी थोडे लांबच थांबू शकतात. चतुर्थी-पंचमी टाळावी, कारण ऐन चांगल्या उन्हात चिखल बुडालेला असतो. द्वादशीलाही जाऊ नये. त्या दिवशी तीन-सव्वातीनला पूर्ण ओहोटी असते.

पक्षी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत असतात. परळ-लालबागहून टॅक्सी पुरते. हार्बर लाइनने शिवडीला उतरलात तर पूर्वेकडून गोदामं आणि ट्रकांच्या रस्त्याने वीसेक मिनिटं चालावं लागतं. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला अटल सेतू इथूनच समुद्रात शिरतो. शिवडीत पक्ष्यांची पूर्वीसारखी गर्दी दिसली नाही तर ऐरोलीचा पर्याय आहे. तिथल्या वनविभागाच्या केंद्रातून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात बोटीने जाता येतं. २०१५ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं.

लेन्स किमान ३०० मिलिमीटरची हवी, ४०० किंवा त्याहून मोठी असेल तर उत्तम. मोबाइलवर एकेका पक्ष्याच्या मागे लागू नये, थव्याचा आणि खाडीचा रुंद फोटो घ्यावा. आणखी जवळ जाण्यासाठी चिखलात मात्र उतरू नये. पाय आत रुततो आणि सगळा थवाही उठतो.

जेट्टीवर पोचल्यावर शटर स्पीड, म्हणजे फोटो टिपायला लागणारा वेळ, आधी ठरवावा. चरणाऱ्या पक्ष्याला १/५०० सेकंद पुरतो, उडणाऱ्याला १/१६०० किंवा त्याहून कमी वेळ लागतो. लेन्सचं छिद्र एफ ८ च्या आसपास ठेवावं. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता, कॅमेऱ्यावर सोपवावी. थोडा रवाळपणा आला तरी चालतो, हललेला पक्षी मात्र कशानेच सुधारत नाही.

सर्वात जास्त फोटो बिघडतात ते उजेड मोजण्यात. कॅमेरा समोरच्या सगळ्या दृश्याची सरासरी काढतो. काळपट चिखलावर फिकट पक्षी असेल तर चिखल पाहून तो फोटो उजळ करतो आणि पक्ष्याची पिसं पांढरीफटक पडतात. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे उजेडाची हाताने केलेली बेरीज-वजाबाकी, उणे अर्धा ते पाऊण ठेवावी. तोच पक्षी उडून फिकट आकाशासमोर आला की उलट होतं. आता कॅमेरा पक्ष्याला काळा करतो, म्हणून अधिक एक करावं लागतं. थवा उठला की हे बटण फिरवायचं राहून जातं, म्हणून उड्डाणाचं सेटिंग आधीच साठवून ठेवावं.

उडत्या पक्ष्याचा सराव हवा असेल तर हिवाळ्यात सकाळी गिरगाव चौपाटीवर जावं. तिथे कुरव, म्हणजे समुद्रपक्षी, डोक्यावरून घिरट्या घालतात आणि समुद्र पश्चिमेला असल्याने सकाळचं ऊन पाठीशी असतं. त्यांना जवळ बोलवायला फरसाण टाकू नये, ते त्यांचं अन्न नाही.

फोकस थव्याच्या मधोमध सोडला तर कॅमेरा जवळचा कोणताही पाय पकडतो. एकच बिंदू निवडून तो एका पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवावा आणि मान वर येण्याची वाट पाहावी. वाट बरीच पाहावी लागते, रोहिताचं डोकं बहुतेक वेळ पाण्यातच असतं. पाण्यातलं प्रतिबिंब कापलं जाऊ नये म्हणून खाली जागा ठेवावी.

मार्चनंतर एक वेगळीच अडचण येते. तापलेल्या चिखलावरची हवा थरथरते आणि फोकस अचूक असूनही सगळे फोटो मऊ येतात. दोष लेन्सचा नसतो. ऊन उतरेपर्यंत थांबावं किंवा जवळचा पक्षी निवडावा.

फोटो रॉ स्वरूपात घ्यावेत. त्यात सेन्सरने टिपलेली माहिती जवळपास जशीच्या तशी राहते, म्हणून दुरुस्तीला वाव मिळतो. घरी आल्यावर आधी छाननी करावी. डोळा धूसर असलेला फोटो मोह न धरता काढून टाकावा. संगणकावर लाइटरूम किंवा मोफत मिळणारं डार्कटेबल आणि मोबाइलवर स्नॅपसीड पुरेसं आहे.

एडिटिंगची पहिली पायरी क्षितिज सरळ करण्याची. अटल सेतूचे खांब उभे दिसतायत ना, एवढं पाहिलं की काम झालं. मग कातरावं, पण पक्षी ज्या दिशेला बघतोय तिकडे जागा सोडावी. मागची धुराडी आणि पूल पुसून टाकण्याची हौस मला पटत नाही. ते पुसले की उरतो तो कुठल्याही तळ्याचा फोटो.

दुसरी पायरी व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची रंगछटा काढून मूळ रंग परत आणणं. यासाठी चित्रातली एखादी राखाडी वस्तू लागते. सेतूच्या जवळच्या खांबाचं काँक्रीट त्यासाठी सोयीचं. ड्रॉपर, म्हणजे रंग टिपणारं साधन, त्यावर टेकवावा, लांबच्या खांबावर नको, कारण धुरकट हवेमुळे तो निळसर झालेला असतो.

मग उजेड. हायलाइट्सची पट्टी, म्हणजे उजळ भाग आवरणारी, खाली आणून पिसांचे तपशील परत येतात का पाहावं. गुलाबी पक्ष्यात लाल रंग सर्वांत आधी फुटतो, म्हणजे त्यातले तपशील हरवतात, म्हणून हिस्टोग्रामचे लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही आलेख वेगवेगळे पाहावेत. धुरकटपणा घालवणारी डीहेझची पट्टी थोडीच सरकवावी, नाहीतर चिखल काळाकुट्ट होतो.

रंगाच्या पायरीवर मात्र सावकाश जावं. सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, एकदम वाढवला की पाय निऑनसारखे होतात आणि चिखलही जांभळट दिसतो. शिवडीत दोन जातींचे रोहित येतात. धाकटा जास्त गुलाबी असतो आणि त्याची चोच काळपट तांबडी असते. मोठा रोहित बराचसा पांढुरका असतो, त्याची चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोकाला काळी असते. खरा लाल रंग त्याच्या पंखांत असतो आणि तो उडतानाच दिसतो. पिल्लं तर राखाडी-करडी असतात, कारण गुलाबीपणा खाण्यातल्या रंगद्रव्यांतून हळूहळू येतो. सगळा थवा एकाच रंगात दिसू लागला की पट्टी जास्त सरकली असं समजावं. फक्त लाल आणि गुलाबी छटा वेगळ्या निवडून त्या किंचित बदलाव्यात, मग धाकट्याची चोच पुन्हा तपासावी. ती लालभडक झाली असेल तर मागे यावं.

रवाळपणा आधी कमी करावा, धार नंतर द्यावी. उलट केलं तर रवेच टोकदार होतात. धार फक्त पक्ष्यावर द्यावी, पाण्याला तिची गरज नसते.

शेवटी फोटो एसआरजीबी या रंगपद्धतीत जेपेग करून साठवावा, नाहीतर दुसऱ्याच्या मोबाइलवर गुलाबी रंग मळकट दिसू शकतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. नेहमीच्या पद्धतीने पाठवला तर तो आकुंचन पावतो आणि सर्वांत आधी जातात ती पिसांची बारीक टोकं.