दोन टिंबांचा न्याय

आमच्या महाडच्या घरीं माडीवरच्या शिसवी पेटींत एक पिवळा पडलेला कागद जपून ठेवलेला आहे. आजी अंथरुणास खिळली तेव्हां तिनें आपली निरवानिरव तोंडानें सांगितली आणि आजोबांनीं ती उतरून घेतली. अक्षर बाळबोध, परंतु सवय मोडीची. त्या कागदांतली मधली ओळ अशी आहे :

भांडींकुंडीं घरांत सुनेस पाटल्या थोरलीस नथ धाकटीस तन्मणी

ओळ एवढीच. मध्यें टिंब नाहीं, रेघ नाहीं, कोठें श्वास घ्यावा हें सांगणारी कसलीहि खूण नाहीं. आजीचें दुखणें दोन वर्षें रेंगाळलें आणि लिहून घेणारे आजोबा तिच्या आधींच गेले. आजीचे दिवस झाल्यावर कागद उघडला, तेव्हां ज्याला विचारावें असें कोणीच उरलें नव्हतें.

थोरल्या आत्यांनीं ती ओळ वाचली ती अशी, कीं भांडींकुंडीं घरांत सुनेस, पाटल्या थोरलीस, नथ धाकटीस; तन्मणी कोणास तें लिहावयाचें राहून गेलें. आईनें वाचली ती अशी, कीं भांडींकुंडीं घरांतच राहावींत. सुनेस पाटल्या, थोरलीस नथ, धाकटीस तन्मणी. दोघींपैकीं एकीच्याहि मनांत कपट नव्हतें. दोघींनीं कागदावर होतें तेंच वाचलें. आईनें त्याच संध्याकाळीं पाटल्या आत्यांच्या ओंजळींत घातल्या आणि आत्यांनीं त्या घेतल्याहि. पण आपल्या हक्काचें आपणांस दान म्हणून मिळालें हा सल त्यांच्या मनांत राहिला, आणि आपलें असून आपण देऊन टाकलें हा आईच्या मनांत राहिला. आत्यांचें सासर पोलादपूर. महाडाहून एस्. टी.नें तासाभराच्या आंतली वाट. परंतु त्या वाटेनें आत्या पुढें अकरा वर्षें गौरीगणपतीस आल्या नाहींत.

त्या ओळींत खुणा पडल्या असत्या तर? ‘भांडींकुंडीं घरांत. सुनेस : पाटल्या, थोरलीस : नथ, धाकटीस : तन्मणी.’ शब्द तेच, क्रम तोच. परंतु वादास जागा उरली नाहीं. आत्यांचा अर्थ खरा असता तर तोहि तितकाच स्वच्छ लिहितां आला असता : ‘भांडींकुंडीं घरांत सुनेस, पाटल्या : थोरलीस, नथ : धाकटीस.’ मग तन्मणी राहून गेल्याचें आजोबांच्या स्वतःच्याच ध्यानांत आलें असतें.

या उभ्या दोन टिंबांस व्याकरणांत अपूर्णविराम म्हणतात. आजोबांस तें चिन्ह ठाऊक नव्हतें असें नव्हे. तें वापरण्याची सवय नव्हती. त्याबद्दल त्यांस दोष देणें अन्यायाचें होईल. मोडी ही भरभर लिहावयाची लिपी. तींत शब्दसुद्धां एकमेकांपासून वेगळे सोडीत नसत, मग विरामांची गोष्ट कोठली? संस्कृत पोथ्यांत दंड असे, एक किंवा दोन. आणि तेथें तेवढें पुरत असे. पोलादपुरास ज्यांची समाधि आहे त्या कवींद्र परमानंदांनीं शिवछत्रपतींचें चरित्र ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यांत गाइलें. श्लोकास त्याचें वृत्त हाच विराम असतो. कान आपोआप थांबतो. गद्यास तो आधार नाहीं. मराठी गद्य छापलें जाऊं लागलें, शाळांतून वाचलें जाऊं लागलें, तेव्हां खुणांची उणीव उघडी पडली. मोल्सवर्थसाहेबांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशास ज्यांनीं साहाय्य केलें, त्या मेजर थॉमस कँडी यांनीं १८५० सालीं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हें पुस्तक काढलें, आणि हीं इंग्रजी चिन्हें मराठींत रुजलीं. चिन्हें परकीं खरीं. पण आपला अर्थ दुसऱ्यास नीट कळावा ही गरज परकी नव्हे.

आतां त्याचा उपयोग पाहूं. स्वल्पविराम म्हणतो, ‘जरा थांबा’. पूर्णविराम म्हणतो, ‘संपलें’. अपूर्णविराम म्हणतो, ‘संपलें नाहीं; आतां सांगतों तें ऐका’. म्हणून त्याच्या अलीकडचा मजकूर अपेक्षा उत्पन्न करणारा आणि पलीकडचा ती पुरविणारा असावा. ‘मुंजीस लागणारें साहित्य पुढीलप्रमाणें : पळसाचा दंड, मेखला, लंगोटी, पळीपंचपात्री’ हें बरोबर. ‘काकांनीं भोरास जाणें रहित केलें : वरंध घाटांत दरड कोसळली होती’ हेंहि बरोबर, कारण पहिल्या वाक्यानें मनांत ‘कां?’ हा प्रश्न उठतो आणि दुसरें त्याचें उत्तर देतें.

परंतु ‘बाजारांतून : गूळ, खोबरें व वेलदोडे आणा’ हें चूक. इंग्रजींत क्रियापद आधीं येतें व यादी मागाहून, म्हणून तेथें हें चिन्ह सहज बसतें. मराठींत क्रियापद बहुधा शेवटीं असतें. यादी वाक्याच्या पोटांत आली आणि क्रियापद तिच्याहि पुढें असलें, तर मध्यें अपूर्णविराम घालणें म्हणजे चालत्या माणसास पाय घालून पाडणें होय. क्रियापद यादीच्या आधीं येऊन गेलें आहे कीं नाहीं, एवढें पाहिलें तरी निम्म्या चुका टळतील. तसेंच ‘गुरुजी म्हणाले कीं :’ असें लिहूं नये. ‘कीं’ आणि अपूर्णविराम दोघांचें काम एकच. एका दारास दोन द्वारपाल कशास?

दुसरा घोटाळा विसर्गाशीं. दिसावयास दोन्ही सारखे. परंतु विसर्ग हा अक्षराचा अवयव आहे, तो उच्चारला जातो, आणि अपूर्णविराम मुका आहे. ‘दुःख’, ‘अंतःकरण’, ‘स्वतः’ यांतील टिंबें विसर्गाचीं. संगणकावर व भ्रमणध्वनीवर या दोहोंचे संकेत वेगळे आहेत. विसर्गाच्या जागीं अपूर्णविराम टंकिला तर डोळ्यास फरक जाणवत नाहीं. पण यंत्राच्या लेखीं तो शब्दच निराळा होतो, आणि ‘दुःख’ शोधूं जातां सांपडत नाहीं. उलट बाजूचा घोटाळा गमतीचा आहे. मुलांच्या नाटुकल्याच्या वहींत ‘राम’ या नांवास दोन टिंबें चिकटवून लिहिलीं, कीं संस्कृत शिकणारा मुलगा ‘रामः’ असें खणखणीत वाचतो, तेथवर ठीक. पण खालीं सीतेच्या नांवासहि तींच टिंबें चिकटलीं कीं ‘सीताः’ होतें, आणि संस्कृताच्या नियमानें वनांत एक सीता न जातां पुष्कळ सीता जातात! म्हणून अपूर्णविरामापूर्वीं किंचित् जागा सोडण्याची, किंवा त्यापुढें आडवी रेघ ओढण्याची जी जुनी मराठी रीत आहे, ती घरच्या लिहिण्यांतहि पाळावी.

संक्षेपांचेंहि तेंच. जुन्या पत्रांत ‘रा॥ रा॥’ असें लिहीत; आतां ‘मु. पो.’, ‘डॉ.’ असें एक टिंब पुरतें. तेथें दोन टिंबें देण्याचें कारण नाहीं.

कोणी म्हणेल, ही शाळामास्तरी झाली. घरच्या माणसांस घरच्या माणसांचें बोलणें कळतें. नेहमीं कळतें असें नाहीं. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्रीचें पाणी महाडांत शिरलें, तेव्हां माणसें माड्यांवर अडकलीं होतीं. अशा वेळीं दूरच्या नातलगास ‘माडीवर तिघे आजी काका काकू बाळ शाळेंत सुखरूप’ असा संदेश गेला तर त्यानें काय समजावें? माडीवर कोणी तिघे, आणि आजीसह चौघें शाळेंत. कीं माडीवर आजी, काका, काकू, आणि शाळेंत बाळ एकटें? होडी कोठें पाठवावी, हें त्या दोन टिंबांवर ठरावयाचें. ‘माडीवर तिघे : आजी, काका, काकू. बाळ शाळेंत सुखरूप.’ लिहिण्यास एक क्षणहि अधिक लागत नाहीं.

अकरा वर्षांनीं माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नास आत्या आल्या. हातांतल्या पाटल्या काढून त्यांनीं तिच्या हातांत चढविल्या आणि आईस म्हणाल्या, “वहिनी, तुमचें वाचन खरें कीं माझें, तें वर गेल्यावर अण्णांनाच विचारूं.” दोघी हंसल्या, आणि मग दोघींनीं डोळे पुसले. तन्मणी मात्र पुढेंहि कोणी मागितला नाहीं. तो पेटींत त्या कागदाशेजारींच आहे.

म्हणून वडील मंडळींस एवढीच विनंति आहे. यादी असो, निरोप असो, वा निरवानिरव असो. लिहून झाल्यावर ती आपण वाचून पाहूं नये. आपणांस आपला अर्थ ठाऊकच असतो. ती घरांतल्या दुसऱ्या कोणाकडून मोठ्यानें वाचवून घ्यावी, आणि वाचणारा जेथें अडखळेल तेथें आपल्या हातानें खूण करावी. लिहिणारा समोर बसला आहे तोंवरच हें होण्याजोगें आहे.