घरी बनवलेला ऑटो स्विच टेबलावर चालतो, मग विहिरीवर का रुसतो?

शेतीची लाईट कधी दिवसा तर कधी रात्री. रात्री दोन वाजता लाईट आली तर मोटर चालू करायला विहिरीवर कोण जाणार? म्हणून स्टार्टरच्या पेटीत ऑटो स्विच आला. अहिल्यानगर जिल्ह्यात, राहुरी-नेवाशाच्या उसापासून कर्जत-जामखेडच्या ज्वारीपर्यंत, मोटर, स्टार्टर आणि डीपी हे रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत. काही हौशी पोरं तर ऑटो स्विचचा सर्किट बोर्ड घरीच बनवतात. टेबलावर तो झकास चालतो. विहिरीवर लावला की पहिल्या पावसात रिले उगाच खटखट करू लागतो. अशा वेळी सर्किटच्या आकृतीत चूक शोधण्याआधी बोर्डाची सफाई आणि बसवणूक बघावी.

सोल्डरिंग झाल्यावर बोर्डावर पिवळसर चिकट थर राहतो. तो फ्लक्स. कोरडा असताना तो फारसा त्रास देत नाही, पण त्यावर धूळ चिकटते, धूळ ओलावा धरते आणि दोन ट्रॅकच्या मधून बारीकसा करंट वाहू लागतो. सर्किटला वाटतं सिग्नल आला! पत्र्याची भांडी जोडायची ॲसिडवाली पेस्ट वापरली असेल तर ती तांबंही खाते. बोर्ड फेरिक क्लोराइडमध्ये कोरला असेल, तर पार्ट लावण्याआधीच तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने भरपूर धुवायला हवा.

फ्लक्स काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश पुरेसा. बोर्ड तिरका धरून घासा आणि विरघळलेली घाण लगेच सुती कापडाने टिपून घ्या. नाहीतर ती नुसतीच बोर्डभर पसरते. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. थिनरने प्लास्टिकचे पार्ट खराब होतात. उघड्या रिलेत किंवा प्रीसेटमध्ये अल्कोहोल जाऊ देऊ नका. बोर्ड पूर्ण वाळला की सोल्डरच्या बाजूला सर्किटवर मारायच्या लॅकरचा पातळ थर द्या. कनेक्टर मात्र झाकून ठेवा. घाणीवरच लॅकर मारलं तर घाण आत कोंडली जाते.

आता बसवणूक. स्टार्टरची पेटी लोखंडी, आत दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट आणि बोर्डाच्या मागे सोल्डरची टोकं. बोर्ड पेटीला टेकला तर काय होईल ते सांगायला नको. त्यामुळे तो वेगळ्या प्लास्टिकच्या डबीत, चार कोपऱ्यांत नायलॉनचे स्पेसर लावून बसवावा. डबल टेप उन्हाने सुटते आणि कॉन्टॅक्टर ओढला गेला की पेटीला बसणारा दणका वेगळाच. वायरी नेहमी खालून, ग्लँडमधून आत घ्या. आत जाण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल.

डबी हवाबंद केली की काम झालं, असंही नाही. दिवसा ती तापते, रात्री गार होते, आणि फटीतून शिरलेल्या दमट हवेचं आत पाणी होतं. अकोल्याच्या डोंगराळ पट्ट्यात हा त्रास जास्त, पाथर्डीकडे धुळीचा. खालच्या बाजूला बारीक भोक पाडून त्यावर जाळी लावली की पाणी निघून जातं आणि मुंग्या-पालीही बाहेर राहतात.

पेटी उघडताना नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही. ऑटोवर असलेली मोटर लाईट येताच आपोआप सुरू होते, आणि त्या वेळी हात आत असतो! मेन स्विच बंद करा, तिन्ही ग्रिप काढून खिशात ठेवा, टेस्टरने तिन्ही फेज तपासा, कपॅसिटरला हात लावू नका.

याच ऑटोमुळे लाईट आली की सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि डीपीवर ताण येतो, म्हणून महावितरण ते काढायला सांगत असतं. ती तक्रार रास्तच आहे.

मृगाच्या आधी एकदा बोर्ड बघून घ्या. धूळ कोरड्या ब्रशने झाडा, तोंडाने फुंकू नका, श्वासात ओलावा असतो. हिरवट डाग दिसला तर तिथलं तांबं गंजतंय. तो भाग अल्कोहोलने घासा, आणि ट्रॅक तुटला असेल तर वरून वायरचा तुकडा जोडून पुन्हा लॅकर मारा.